डाव्या बाजूचा पाटा

सोमवार, १० जून

आज पुन्हा वरण सांडलं. मुलींच्या होस्टेलच्या मॅडम पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "काका, निम्मं गाडीलाच वाढलं का?" एवढं हसून. पुढचं हसून नव्हतं. हा महिना बघणार, नाहीतर डबा दुसऱ्या मेसला. दोनशे मुली जेवतात तिथं. ते होस्टेल गेलं तर मेसला कुलूपच लावायचं.

गाडी दिगू चालवतो. माझ्या बायकोचा, शोभाचा धाकटा भाऊ. त्याचं एकच पालुपद, "दाजी, रस्ताच तसला हाय." रस्ता सगळ्यांना तोच आहे. बाकीच्या मेसवाल्यांचं वरण कसं पोचतं?

मंगळवार, ११

पिकअप युनूस मिस्त्रीकडे नेली. पाव तास खाली झोपून होता. निदान असं: मागच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा बसून सपाट झालाय, त्या बाजूचा शॉकप तेल गाळतोय. उजवी बाजू ठणठणीत. डावीच का? "एका अंगाला मार बसत असंल, मुनीमजी. तुमी काय भरून राहिले ते तुमालाच ठाऊक."

आम्ही काय भरतो? वरण-भात मधोमध, पोळ्यांचे डबे दोन्हीकडे सारखे. उदगीरच्या आडतीत अठ्ठावीस वर्षं वजनावर बसलो. पोतं कुठं कललं ते मला लांबून दिसतं. गाडी डावीकडे कलली ती आमच्या स्वयंपाकाने नाही.

दुपारी तीन ते सहा ती मागच्या मोकळ्या प्लॉटवर उभी असते. चावी दिगूच्या खिशात. मीटर गेल्या वर्षापासून बंद, किलोमीटर कळायची सोय नाही. दुरुस्त कर म्हटलं की "करतो की". करत का नाही?

बुधवार, १२

पाट्यांची चौकशी. तीन दुकानं, तीन शहाणे. पहिला म्हणे दोन पाटे जास्तीचे चढवा, मग दगड भरले तरी गाडी वाकणार नाही. दुसऱ्याने "ओरिजनल" म्हणून दाखवलेल्या शॉकपच्या खोक्यावरचा रंग माझ्या अंगठ्याला लागला. तिसऱ्याने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, आधी विचारलं, "कुणी पाठवलं?" म्हणजे पाठवणाऱ्याचा वाटा ठरलेला.

युनूसचं मत उलटं. कडक पाटे पोत्यांना. पातळ पदार्थ न्यायचा तर मऊ पाटे आणि चांगला शॉकप, नांदेडला मिळेल. नांदेडलाच का? त्याचा साडू नांदेडला असतो, हे मला माहीत आहे.

शोभा म्हणाली, "तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाल." घेतो. एकदा खोबरं खवट निघालं होतं.

गुरुवार, १३

युक्ती सुचली. शोभाचा तांब्या.

भूकंपात तिचे आईवडील घरासकट गेले. ती आणि दिगू तेवढे बाहेर निघाले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये सगळेच उशाशी भांडी रचून झोपायचे. फुलपात्र पालथं, त्यावर तांब्या. जमीन हलली की पडून आवाज व्हावा. बाकीच्यांनी कधीच सोडलं. पंचवीस वर्षं झाली, तिने नाही. पडून पडून त्या तांब्याचं बूड गोल झालंय, जोरात श्वास सोडला तरी डुलतो. तो आपल्या जागी दिसला की तिला झोप लागते.

स्वयंपाकघरातली भांडी बघितली. जाड, सपाट बुडाची, कामाची नाहीत. म्हणून तीनला तिचाच तांब्या उचलला आणि गाडीच्या हौद्यात, कोपऱ्यात ताडपत्रीखाली रचून ठेवला. गाडी जागची हलली की पडणारच. शोभा नऊपर्यंत चुलीपुढे असते, खोलीत फिरकत नाही. तोवर परत ठेवायचा.

साडेपाचला बघितलं. उभाच.

शुक्रवार, १४

आजही उभाच. निराश झालो, हे लिहायलाही लाज वाटते. पण झालो.

शनिवार, १५

पडला!

पाट्यांसाठी गंजगोलाईच्या बाजारात गेलो होतो. साडेपाचला येऊन ताडपत्री उचलली तर तांब्या एकीकडे, फुलपात्र दुसरीकडे. दिगू पायरीवर चहा पीत बसलेला. मग मला राहवलं नाही. पोळ्या लाटणाऱ्या बायकांसमोरच विचारलं, कुणाचा माल ओढतोस माझ्या गाडीत?

"दाजी, गाडी जागची हलली न्हाई."

मी तांब्या पुढे धरला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, तांब्याकडे बघत राहिला. मग दाराकडे. दारात शोभा, हात पिठाचे. त्याने चावी ओट्यावर ठेवली, चपला घातल्या, गेला.

तांब्या खोलीत नेऊन रचला. संध्याकाळचा डबा मी नेला. वरण सांडलं.

रविवार, १६

सकाळी नाश्त्याला आलेली पोरं विचारतात, "काका, काल जाणवलं का? पावणेचारला?"

हलका धक्का होता. पातेल्यांवरची झाकणं वाजली म्हणे. गोलाईच्या गोंगाटात मला कुठला कळणार. शोभाला विचारलं.

"कळलं की. पळत खोलीत गेले. तांब्या नव्हता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आल्या आल्या दिगूवर चढलात."

आणि पोळ्या करायला गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणजे तांब्या धक्क्याने पडला. किंवा गाडी नेल्याने पडला. दोन्ही होऊ शकतं. पावणेचारला गाडी प्लॉटवर होती का, हे कुणीतरी पाहिलं असेल. पोळीवाल्या सखूबाईंना हळूच विचारलं. "आमी लाटावं का गाडीवर नजर ठिवावी?"

मंगळवार, १८

दिगू नांदेडला गेलाय, मावसभावाकडे. तिथंही कोचिंगच्या पोरांच्या मेस उदंड, ड्रायव्हर लागतातच. माझा फोन उचलत नाही. त्याच्या अक्काचा, शोभाचा उचलतो.

गाडी मीच चालवतोय. होस्टेलच्या अलीकडची गल्ली अरुंद. दोन्ही वेळेला समोरून क्लासची बस येते आणि तिला वाट द्यायला डावं चाक गटाराच्या फुटक्या फरशीवर चढवावं लागतं. मग धाडकन खाली. भरल्या गाडीने, रोज. आज चाक उतरलं तेव्हा माझीच कंबर भरली, पाट्याचं काय होत असेल.

हे दिगूने कधी सांगितलं नाही. की "रस्ताच तसला हाय" म्हणजे हेच सांगत होता, आणि मी...

असो. एवढ्याने तो दुपारी गाडी नेत नव्हता असं सिद्ध होत नाही.

गुरुवार, २०

नांदेड. शोभा म्हणाली मीही येते, आली. युनूसने सांगितलेलंच दुकान. साडूची चौकशी केली. तो केळ्यांचा व्यापारी निघाला.

दुकानदाराने दोन्ही जोड पुढे ठेवले, कडक आणि मऊ. कडक स्वस्त आणि दणकट दिसत होता. माझा हात तिकडेच जात होता. तेवढ्यात दिगू आला, शोभाने बोलावलं असणार. माझ्याशी न बोलता गाडीखाली शिरला, बाहेर आला, पाट्यांवरून हात फिरवला. "मऊच घ्या. वरण हाय, दगड न्हाईत." मऊ घेतले.

शोभा रसवंतीत बसली होती, तेवढ्यात विचारून घेतलं. शनिवारी गाडी काढली होतीस का? खरं सांग, मी काही म्हणणार नाही.

तो चिंधीने हात पुसत राहिला. "तुमाला काय वाटायचं ते वाटू द्या, दाजी. पर अक्काच्या उशाचा तांब्या पुन्हा उचलू नका. पाच राती झाल्या, तिला झोप न्हाई. उठून उठून बघती, हाय का नेला."

मला माहीत नव्हतं. शेजारी झोपून मला माहीत नव्हतं. तांब्या मी त्याच दिवशी जागेवर ठेवला होता, म्हणजे फिटंफाट असं धरून चाललो होतो. आयुष्यात एवढी शरम कधी वाटली नाही. त्याला म्हणालो, परत ये. बघतो म्हणाला.

शनिवार, २२

युनूसने पाटे आणि शॉकप बसवले. पातेलं काठोकाठ पाण्याने भरून होस्टेलपर्यंत नेलं, आणलं. फरशीवर चाक चढवून उतरवलं. हौदा कोरडा. शोभा मागे पातेल्याशी बसली होती, ती खोटं सांगणार नाही.

दिगूचा तिला फोन आला होता. सोमवारी येतो म्हणाला.

निघताना युनूसने विचारलं, "मीटर बी करून देऊ का, मुनीमजी? निसती केबल तुटेल हाय. दहा मिनिटाचं काम."

शोभा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, राहू दे.

चावी दिगूसाठी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. आज दुपारी शोभा आडवी झाली आणि तिला तासभर झोप लागली. मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो, कुणाला आत जाऊ दिलं नाही.

आता पाच वाजलेत. मीटर करून घ्यायला हवं होतं.