पुरं तिकीट

बुलडाणा,
५ एप्रिल

ती. आत्यास,
समताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि तुझ्याकडे राहून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं, संघर्षनं, भरती होईपर्यंत मोबाइल पेटीत ठेवला आहे, म्हणून हे पत्र. बातमी अशी, की या मे महिन्यात आपण सगळ्यांनी नागपूरजवळच्या त्या मोठ्या पार्कला जायचं. पाण्याच्या घसरगुंड्या, उंच पाळणे, सगळं एकाच कुंपणात आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या नोकरीला वर्ष झालं, दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले आहेत. आबा आणि आई बीबीहून येतील. तू, संघर्ष आणि तुझी दोन नातवंडं संग्रामपूरहून या. शेगाव स्टेशनवर सगळे भेटू. भाजीचा बाजार बुडवून आबा कुठे गेल्याचं मला तरी आठवत नाही.

मी बरीच चौकशी केली आहे. रविवारी तिकीट महाग आणि रांगा लांब, म्हणून बुधवार, २१ मे धरला आहे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत आणि आत साधा वडापाव साठ रुपयांना आहे. तेव्हा भाकरी, ठेचा आणि कांदा गेटाबाहेर सावलीत पोटभर खाऊनच आत शिरायचं. रिकाम्या बाटल्या चालतात, आत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. पाण्यात उतरायला नायलॉनचेच कपडे लागतात आणि तिथे ते भाड्याने फार महाग पडतात. बाजारातून कापड आणून मुलांचे कपडे तूच मशीनवर शिवून ठेव.

आता महत्त्वाचं. तिथे वय विचारत नाहीत, उंची मोजतात. १४० सेंटीमीटरच्या आत असेल त्याला अर्धं तिकीट. काही पाळण्यांनाही उंचीची अट आहे. म्हणून घरातल्या सगळ्यांची, तुझीसुद्धा, उंची मोजून कळव. चप्पल काढून, भिंतीला टाच लावून, डोक्यावर वही आडवी धरून. मनाने वाढवू नकोस, घटवूही नकोस.

तुझा लोभ लोणच्यासारखा मुरत राहू दे.

तुझी,
समता

संग्रामपूर,
११ एप्रिल

चि. समताले,
आत्याचा जयभीम आन् आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. पदवी घेतली तवापासून तुह्यं पत्र तहसीलच्या नोटिशीवानी येते, तरी वाचून जीव थंड झाला. इथं जयंतीची तयारी चालू हाय. प्रसेनजित लेझीमात हाय आन् पुष्पांजली नुसतीच पायात पायात हाय.

तू सांगतलं तसं सगळ्यायले भितीले लावून उभं केलं. मशीनवरचा टेप घेतला. शेजारीण डोकावून म्हणे, उंच्या घेऊन राह्यल्या, कोणाचं लगन जमून राह्यलं का? मी म्हटलं, हाव, माह्यंच जमलं. पुष्पांजली साडेत्रेचाळीस इंच. प्रसेनजित साडेपंचावन्न. मी पावणेछप्पन्न. सेंटीमीटर तू कर, तू शिकेल हायेस. दहा वर्साचं पोट्टं आता बोंबलत फिरते, की आजी माह्याएवढीच हाय.

संघर्ष मात्र मोजू देत नाही. टेप पाह्यला आन् ताटावरून उठला. मी म्हटलं, काऊन बे, मोजल्यानं काय झिजते? तर भाकर टाकून बाहीर गेला. मले काही समजलं नाही. दिवाळीत तर यानं सोताच याच टेपानं मोजाले लावलं होतं, एकदा नाही, तीनदा. सव्वापासष्ट इंच भरला, तवा घरभर नाचला. पेन्सिलीची खूण आजून भितीवर हाय. पोलिसाले पासष्ट लागते म्हणतात, मंग वर पाव इंच हायच ना. आन् आता रोज पाहटे लिंबाच्या फांदीले अर्धा अर्धा तास लोंबकळते. गेल्या साली धावण्यात मांगं पडलो म्हणत होता, तर मंग धाव ना बापा, लोंबकळून काय होते?

जयंती झाली की प्रसेनजितले आठ दिवस तुह्याकडं धाडते. त्याले पुस्तकं दाखव, चिवडा कमी दे.

आठवन ठेव, आन् ठेवली हे कळव बी.

तुही आत्या,
रुखमाबाई

बुलडाणा,
२४ एप्रिल

ती. आत्यास,
समताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

प्रसेनजित मजेत आहे. चिवडा संपला आहे, पुस्तकं अजून बाकी आहेत.

तुझ्या मापाने तो १४१ सेंटीमीटर भरतो आणि तू १४१.६. म्हणजे तुम्हा दोघांनाही एवढ्याशासाठी पूर्ण तिकीट. गेटावर जरा गुडघे वाकव, असं तू त्याच्या कानात सांगितलंस, ते त्याने मला इथे आल्याबरोबर सांगून टाकलं. आत्या, तसं करायचं नाही. पैसे वाचवायचे मी वीस मार्ग शोधीन, पण लेकराला खोटं उभं राहायला शिकवायला नको. पूर्ण तिकीट काढू.

पण पुढचं ऐक, माझं डोकं चालेनासं झालं आहे. काल त्याला आमच्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात नेलं. तिथे उंची मोजायचा लोखंडी स्टँड आहे. त्यावर तो १३८.४ भरला. पुन्हा मोजला, तेवढाच. दोन आठवड्यांत मूल अडीच सेंटीमीटर आटलं! शिपाई शालिग्रामकाका म्हणाले, उन्हाने झालं असेल, लोखंड वाढतं आणि पोरगं आटतं. मी हसले, पण मग स्वतःला मोजलं. माझी उंची माझ्या जुन्या कागदावर आहे तेवढीच निघाली. म्हणजे स्टँड बरोबर आहे. मग चुकतंय काय? वही तिरपी धरली होतीस का? एकदा तुझा टेपच नीट बघशील?

आणि संघर्षचं मला काहीच जुळत नाही. धावण्यात मागे पडलेला मुलगा उंचीच्या नावाने जेवण टाकून का उठतो? विचार त्याला, पण रागावू नकोस.

दोन ओळींचं का होईना, उत्तर लगेच टाक.

तुझी,
समता

संग्रामपूर,
३० एप्रिल

चि. समताले,
आत्याचा जयभीम आन् आशीर्वाद.

पोट्टं आटलं वाचून मी आधी घाबरली. ते परत आल्या आल्या त्याले दूध पाजलं. मंग टेप घेऊन उजेडात बसली, आन् मायबाई, काय सांगू! टेपाच्या तोंडावरची पितळेची पट्टी कधीची निघून गेली होती. धागे निघत होते म्हणून मीच कैचीनं तोंड सारखं केलं होतं, सात-आठ वर्सं झाली. त्या सारखं करण्यात पयला इंचच गेला. माह्या टेपाची सुरुवात एकावरून हाय. जे बी मोजलं, ते इंचभर वाढीव दिसते.

तू म्हनशील इतके दिवस कळलं कसं नाही? ब्लाऊज मी जुन्या ब्लाऊजवरून बेतते. टेप फकत परकराच्या लांबीले. माप बी त्याच टेपानं, कापणं बी त्याच टेपानं. गावात कोणाचाच परकर आखूड झाला नाही, मंग कळावं कसं?

मी हसत हसत संघर्षले टेप दाखवला. तो हसला नाही. टेपाचं तोंड बोटात धरून लय वेळ पाहत राह्यला. मंग माह्या हातात ठेवून निजाले गेला. दुसऱ्या दिवशी पाहटे फांदीवर गेला नाही. आता म्हणते, मी पार्कात येत नाही, तुमी जा. काय झालं ते सांगत नाही. मी काही चुकली काय बाई?

प्रसेनजितचं अर्धं तिकीट झालं, हे तरी बरं झालं.

लवकर लिव्ह, माह्या जिवाले घोर हाय.

तुही आत्या,
रुखमाबाई

बुलडाणा,
५ मे

चि. संघर्ष,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आत्याचं पत्र आलं. तिला काही उमगलेलं नाही, पण मी सव्वापासष्टातून एक वजा केला. १६३ च्या आसपास येतात. भरतीला १६५ लागतात. माझं गणित चुकत असेल तर मला हवं ते बोल, मी ऐकून घेईन. चुकत नसेल, तर गेल्या वर्षी भरतीच्या मैदानावर नेमकं काय झालं, ते मला लिही. धावण्याचं सांगू नकोस. शाळेत तुझ्या पुढे कोणी धावल्याचं मी पाहिलेलं नाही.

तुला शिकवण्यासाठी लिहीत नाही. मला खरंच कळेनासं झालं आहे. आबा बीबीच्या बाजारात कांदे तोलता तोलता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की पोरगा पोलिसात चालला. आई तुझ्यासाठी बदाम मोजून ठेवते. त्यांना सांगावं तर त्यांचं काय होईल, आणि न सांगावं तर तुझं काय होईल, दोन्ही विचारांनी मी पत्र दोनदा फाडलं.

आणखी एक. आमच्याकडे नेमकी त्याच आठवड्यात तपासणी समिती येते आहे, मला रजा नाही. पार्कला तूच सगळ्यांना घेऊन जायचं आहेस. तिकिटं गेटाच्या खिडकीवरच काढायची, म्हणजे उंचीचा घोळ राहणार नाही. यादी सोबत जोडली आहे. मुलांच्या दंडावर पेनाने आबांचा नंबर लिही. चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरतानाच ठरव. येत नाही म्हणू नकोस. तू नसशील तर आबा गेटावरूनच परत फिरतील.

माझी माया कमी-जास्त होत नाही, एवढं धरून चाल.

तुझी,
समताताई

संग्रामपूर,
११ मे

ती. ताईस,
संघर्षचा जयभीम. वि. वि.

तुझं गणित बरोबर आहे. गेल्या वर्षी मला धावूच दिलं नाही. आधी उंची घेतली, १६३. मी म्हटलं, पुन्हा घ्या. अपील केलं, त्यांनी दुसऱ्या पट्टीवर घेतली. तेवढीच. मैदानाबाहेर काढलं तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते. बूट नवीन होते, त्यांना मातीसुद्धा लागली नव्हती. घरी यायच्या आधी मी ते मुद्दाम मळवले.

धावण्यात मागे पडलो म्हणालो, कारण धावणं पुढच्या वेळी सुधारता येतं. उंचीचं काय सांगणार होतो?

मग दिवाळीत आत्याच्या टेपाने मोजलं, तर सव्वापासष्ट. ताई, तुला खोटं वाटेल, पण त्या दिवसापासून माझं मलाच कळेना, की खरं काय. एक दिवस वाटे, मैदानावरच्यांचं चुकलं. दुसऱ्या दिवशी वाटे, आत्याचं चुकलं. घरी मी पोलीस होतो आणि मैदानावर नव्हतो. म्हणून पुन्हा फॉर्म भरला आणि म्हणून टेप पाहून उठलो. पुन्हा मोजल्यावर घरीही कमी भरलो तर, हीच भीती होती. टेपाचं कापलेलं तोंड पाहिलं तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगतो, त्या रात्री वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपलो.

आता जूनमध्ये त्याच पट्टीखाली परत उभं राहायचं नाही, एवढं मला कळलं आहे. पण आबांना कसं सांगू? तोंड उघडलं की बदाम आठवतात. तू असतीस तर तुझ्या मागे उभं राहून सांगितलं असतं.

यादी मिळाली. सगळ्यांना नीट नेऊन आणीन. बाकीचं जमलं तर जमलं.

रागावली असशील तर रागावूनच लिही, पण लिहीत राहा.

तुझा,
संघर्ष

संग्रामपूर,
२५ मे

चि. समताले,
आत्याचा जयभीम आन् आशीर्वाद.

सगळे सुखरूप आलो. तुही यादी संघर्षनं खिशातून इतक्या वेळा काढली, की घामानं ती फाटली. भाकरी गेटाबाहीरच खाल्ल्या. तू नाही म्हणून तुह्या नावाची एक भाकर पुष्पांजलीनं कुत्र्याले देली. मी शिवलेले कपडे चालले. भाड्याच्या कपड्यांची लाइन पाहून तुह्या मायले लय समाधान वाटलं.

गेटावर उंचीची पाटी हाय. प्रसेनजित एकशे चाळीसच्या आत भरला, अर्धं तिकीट. मंग तो माणूस मले म्हणे, आजी, तुमी बी इकडं या. एकशे एकोणचाळीस! मले बी लेकराचं तिकीट. मी म्हटलं, बासष्ट वर्साची हाय मी, दोन नातवंडं सांभाळते. तो म्हणे, नियमात उंची हाय, वय नाही. पोट्टं तर हसून हसून खाली बसलं. मले आधी राग आला, मंग मी बी हसली.

हसणं चालू असतानाच संघर्ष पुढं झाला. त्याले कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं चप्पल काढली, पाटीले टाच लावली आन् बापाले हाक मारली, की आबा, जरा पाहा, मी किती भरतो. माह्या भावानं, किसनानं, चष्मा लावला. एकशे त्रेसष्ट. पोलिसाले एकशे पासष्ट लागते, हे किसनाले पाठ हाय, साऱ्या बाजाराले त्यानं ऐकवून सोडलं हाय. तो गेटवाल्याले विचारते, या पाटीले शिक्का हाय का? दरसाल आपली वजनं तपासून शिक्का मारून घेणारा माणूस, दुसरं काय विचारणार. तवा संघर्ष हळू आवाजात म्हणे, आबा, मैदानावर बी इतकीच भरली होती, दोन्ही खेपा. मी धावलोच नाही. मले धावू देलंच नाही.

मांगचे लोक पुढं सरका म्हणून वरडून राह्यले होते. माह्या मनात तो टेप आला बाई. इतके दिवस मी हसून राह्यली होती, आन् त्या एका इंचात पोरगं अडकलं होतं.

मंग किसनानं सोताची टोपी काढली, चप्पल काढली. पोराले बाजूले सरकवलं आन् पाटीले लागून उभा राह्यला. संघर्षले म्हणे, वाच. संघर्षच्यानं वाचवेना, प्रसेनजितनं वाचलं, एकशे एकसष्ट. किसना म्हणे, माह्याहून दोन जास्तच हाय बे. आन् खिडकीत नोटा सरकवून इतक्या मोठ्यानं म्हणे, की सारी लाइन वळली: याचं पुरं तिकीट फाडा.

आत दोघं बापलेक एकाच घसरगुंडीवरून आले. किसना पाण्यात पडल्यावर टोपी शोधत होता, ती माह्यापाशी होती.

संघर्ष बापासंगं बीबीले गेला. पुढं काय करणार, हे त्याले बी माहीत नाही, किसनाले बी नाही. पन एकाच गाडीत, बाजूबाजूले बसून गेले. भितीवरची पेन्सिलीची खूण त्यानं पुसली नाही. जायच्या आधी तिच्या इंचभर खाली दुसरी केली आन् त्या दिवसाची तारीख टाकली.

तो टेप मी फेकला नाही. तोंडाले पांढऱ्या कापडाची बरोबर एक इंच पट्टी शिवली. तू इथं येशील तवा तो लोखंडी स्टँड संगं आण, टेप त्याले लावून पाहू, असं प्रसेनजित म्हणते. त्याले सांग, स्टँड उचलून आणता येत नाही.

आता मले लेकराचं तिकीट भेटलं म्हणून तुही माया बी अर्धी करू नको, पुरीच ठेव.

तुही आत्या,
रुखमाबाई