अमावस्येचा ट्रॅक्टर

अण्णा, मी तुमच्यावर वैतागले आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली, आता कशाला त्या माणसावर चिडतेस, असं तुमचे जावई म्हणतात. पण ट्रॅक्टरच्या बाबतीत चिडायला मला दुसरं कोणी सापडत नाही. आत्ता शाळेत ऑफ तास आहे. स्टाफरूममध्ये माझ्या समोर आमचे चित्रकलेचे सर मोबाइलवर कोणाच्या तरी रानातली नांगरणी बघत बसलेत. अर्धा तास झाला. त्यात माणूस नाही, गोष्ट नाही, नुसता एक ट्रॅक्टर या बांधापासून त्या बांधापर्यंत जातो आणि वळून परत येतो. सर मध्येच खूश होऊन म्हणतात, "मॅडम, बघा, नांगराचा तास कसा सरळ काढलाय!" हेच सर घरी फोमशीट कापून वीतभर ट्रॅक्टर बनवतात, त्याला मोटर बसवतात, दिवे लावतात आणि अंगणातल्या मातीत तो चालला की पोटावर झोपून त्याचा व्हिडिओ काढतात. तुम्ही असता तर या माणसाकडे मुक्कामालाच गेला असता, आणि आई भाकरी झाकून तुमची वाट बघत बसली असती.

आपल्याकडे ट्रॅक्टर कधीच नव्हता, हे मला अजून लोकांना पटवून सांगावं लागतं. चार एकर रान, एक बैलजोडी आणि नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर. पण देवगाव फाट्यावरून जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर तुमचाच. संध्याकाळी बैलं बांधली की "चहा पिऊन येतो" म्हणून तुम्ही फाट्यावर जायचात. चहा घरीही होता. तिथं तुम्हाला काय मिळायचं, ते मला कधी कळलं नाही. नव्या सीटवरचं न काढलेलं प्लास्टिक, आरशाला बांधलेले लोकरीचे गोंडे, बॉनेटवरचं ओलं कुंकू, थंडीत पहिल्याच झटक्याला चालू झालेलं इंजिन, एवढ्यावर तुमचे दोन दिवस मजेत जायचे. कोणी पाच मिनिटं सीटवर बसू दिलं तर आठवडा. आई म्हणायची, "घरात न्हाई दाणा, आन मला बाजीराव म्हणा!" आणि तुम्ही हसायचात, राग म्हणून यायचा नाही.

मग घरी येऊन रोज तुमच्या त्या बातम्या. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, धुरानं डोळे चोळतेय, मी दिव्याखाली गृहपाठ करतेय, आणि तुम्ही पाटावर बसून सुरू करता. "आज एक निळा आलता बरं का. सेलूकडनं. आवाज आसा, जसं काय घरातलंच माणूस बोलायलंय." आई मान वर करत नाही. "ते ऱ्हाऊ द्या, पीठ सरका इकडं." तुम्ही पीठ सरकवता आणि पुढं सांगता. आई विचारते, "चालवायला कोण व्हतं?" मला वाटतं, ती टोमणा मारतेय. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई, तिला निळ्या ट्रॅक्टरचं काय? तिच्या वतीनं मी तुमच्यावर मनातल्या मनात जळफळत असे आणि गणित चुकत असे.

आणि तिची चहाची गाळणी! ती आम्ही तीन दिवस शोधली. चौथ्या दिवशी ती तुमच्या ट्रॅक्टरच्या तोंडाला जाळी म्हणून बसलेली सापडली. तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं बॉनेट, सायकलच्या तारेचं स्टेअरिंग, मागची चाकं जुन्या चपलेच्या तळव्याची आणि त्यावर ट्यूबच्या तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या. आई महिनाभर चहा पदरानं गाळत होती, पण गाळणी परत मागितली नाही. एकदा मी त्या ट्रॅक्टरशी खेळले, चिखलातून ओढला, धुतला आणि चाकं परत बसवून ठेवला. तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात, ते त्या दिवशी. खेळले म्हणून नव्हे. डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं गेलं होतं म्हणून. "माय, मागनं बघ. पट्ट्या घराच्या छपरावानी दिसल्या पाह्यजेत, टोक वर. ही उलटी लावलीस. काळ्या रानात चिखल भरला की ही जाग्यालाच फिरतेत, पुढं सरकत न्हाईत." मी दहा वर्षांची, तो ट्रॅक्टर वीतभर, आणि तुम्हाला चिंता तो काळ्या रानात रुतेल याची. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रडले.

त्या उलट्या चाकांनी माझी सगळ्यात मोठी फजिती तर पुढंच केली. मला बघायला पाहुणे येणार होते. एसटीनं फाट्यावर उतरणार आणि तुम्ही त्यांना घेऊन येणार, एवढंच तुमचं काम. पोहे गार झाले, साडीच्या निऱ्या बसून बसून विस्कटल्या, आणि मग दारात एक ट्रॅक्टर येऊन थांबला. मागं ट्रॉली. ट्रॉलीत सरकीच्या पोत्यांवर माझे होणारे सासरे, सासूबाई नव्या साडीत कडेची फळी घट्ट धरून, आणि नवरा मुलगा. झालं होतं असं, की एसटी आली तेव्हा तुम्ही एका ट्रॅक्टरवाल्याला त्याचं पंक्चर काढलेलं चाक उलटं बसलंय, हे पटवत होता. पाहुण्यांनाही तुम्ही ट्रॅक्टरच्या मागं नेऊन उभं केलंत आणि छपराचा हिशोब समजावलात. ट्रॅक्टरवाल्याला पटलं, तो खूश झाला आणि म्हणाला, चला, सोडतो सगळ्यांना. आईनं कपाळाला हात लावला. सासूबाईंनी पुढं दहा वर्षं ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली. तुमचे जावई मात्र अजून म्हणतात की मुलगी बघायच्या आधीच त्यांनी होकार ठरवला होता, तिथंच, फाट्यावर. याचा मला काय अभिमान वाटावा, सांगा बरं.

नोकरी लागली तेव्हा मी हातातलं घड्याळ मागितलं होतं. तुम्ही परभणीला गेलात आणि डबीएवढा ट्रॅक्टर घेऊन आलात. हिरवा, लोखंडी, स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळणारा. दुकानदाराला तुम्ही सगळे खोके उघडायला लावले होते, कारण बाकीच्यांची मागची चाकं उलटी होती. हे तुम्ही मला इतक्या आनंदानं सांगितलंत की घड्याळाचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हापासून तो माझ्या शोकेसमध्ये आहे, चिनीमातीच्या कपांच्या मागं.

आता मुद्द्याचं सांगते. आईची नजर गेली, अण्णा. काचबिंदू. आधी कडेकडेनं गेली, तिनं कोणाला सांगितलं नाही, आणि आता उजेड कुठं आणि अंधार कुठं एवढंच कळतं. मी एकुलती. रान बटईनं दिलं, घराला कुलूप लावलं आणि पावसाळ्यात तिला सेलूला माझ्या घरी घेऊन आले. तेव्हापासून ती जेवेना. दोन घास खायची आणि ताट सारायची. "बास झालं. पोट भरलं." कोणाशी बोलायची नाही, रेडिओ लावला तर बंद करायला सांगायची. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागल्या. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं, आणि मग मला बाहेर बोलावून सांगितलं की अशीच राहिली तर ही उन्हाळा काढणार नाही. मी काय नाही केलं? आंबट वरण, ठेचा, ज्वारीच्या कण्या, शेजारणींना गप्पांना बोलावणं. विनवलं, रागावले, एकदा तर ताट आपटलं. ती भिंतीकडं तोंड करून बसून राहिली.

दिवाळीच्या साफसफाईत मी शोकेस रिकामं करत होते. हात भरलेले, म्हणून तो हिरवा ट्रॅक्टर तिच्या मांडीवर ठेवला. कप पुसता पुसता बघते तर तिची बोटं त्याच्यावरून फिरतायत. बॉनेट, सीट, स्टेअरिंग. मग मागचं चाक. नखानं एकेक पट्टी चाचपत ती टोकापर्यंत गेली. "बरोबर हायत," ती म्हणाली. मी विचारलं, काय बरोबर आहे? "चाकं. टोक वर हाय." आणि थोड्या वेळानं, कोणाची तरी चोरी असावी तसं हळूच, "शाळेतनं येताना काय दिसलं गं आज?" मी वैतागलेलीच होते. म्हटलं, काय दिसायचं, धूळ दिसली. तिनं ट्रॅक्टर बाजूला ठेवून दिला. ट्यूब पेटायला मला रात्र जावी लागली, गणिताची बाई असून.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोंढ्याच्या, बाजार समितीच्या रस्त्यानं आले. कापसाचे दिवस, जिनिंग मिलपुढं ट्रॅक्टरांची रांग. संध्याकाळी ताट वाढून मी म्हटलं, "आई, आज एक निळा दिसला." तिचा चेहरा वळला. "एकटा व्हता का ट्रॉली व्हती? भरून व्हती का?" अख्खी भाकरी गेली तिच्या पोटात. तेव्हापासून माझ्या मागं हेच लागलंय. रोज वाकडी वाट करून धूळ खात यायचं, वर नीट बघायचं, कारण तिच्या चौकशा पोलिसासारख्या. गोंडे कुठल्या रंगाचे? पाटीवर काय लिहिलं व्हतं? डायवरनं पागोटं बांधलतं का टोपी? एकदा मी चाकाकडं बघायला विसरले तर म्हणाली, "मंग काय बघून आलीस तू?" परवा रांगेतल्या एका पोरानं मला विचारलं, मॅडम, ट्रॅक्टर घ्यायचाय का? पन्नाशी उलटलेली बाई मी, साडी सावरत दुसऱ्याच्या चाकामागं वाकून उभी. या चित्रकलेच्या सरांना मी इतके प्रश्न विचारलेत की त्यांना वाटतं, मलाही नाद लागलाय. काल त्यांनी मला व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. हे सगळं कोणामुळं, सांगा.

आणि कालच अमावस्या होती. माझ्या लक्षातच नाही. मोंढा बंद, जिनिंगच्या फाटकाला कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी कोपऱ्यावर पिशवी घेऊन उभी राहिले, एक टेम्पो गेला, दोन सायकली गेल्या. घरी आले. आई हात धुऊन ताटावर बसलेली. "आज काय दिसलं?" खरं सांगितलं असतं तर तिनं चतकोर खाऊन ताट सारलं असतं, ते मला चालणार नव्हतं. मी म्हटलं, "एकच दिसला. पण नवाकोरा. लाल." "आसं?" "हो. पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन करून आलेला. बॉनेटवर गुलाल, झेंडूचा हार, सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही." माझ्या तोंडातून कसं निघत गेलं कोण जाणे. तिनं घास मोडला. "चालवायला कोण व्हतं?" "एक म्हातारे होते. पांढरी टोपी. लय हळू चालवत होते, ओरखडा पडेल म्हणून." "आन बाई?" "बाई होती की. मडगार्डवर बसलेली, एका हातानं दांडा धरून, पदर दातात." आई किती तरी वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "भाकर वाढ आजून."

ताटात हात धुऊन झाल्यावर तिनं माझ्या मनगटाला धरलं. "चांगलं सांगितलंस. ते बी आमुशाला आसंच सांगायचे." मी विचारलं, कोण? "तुझे अण्णा, दुसरं कोण. आमुशाला मोंढा बंद. फाट्यावर कुत्रं सुदीक नसायचं. तरी यायचे, पाटावर बसायचे, आन म्हनायचे, आज एक लाल दिसला." मी म्हटलं, आणि तुला माहीत होतं? "न्हाई तर काय? मला आमुशा कळत न्हाई व्हय?" ती हसली. सेलूला आल्यापासून पहिल्यांदा. "रोजचे बी बरे असायचे. पन आमुशाचे लय चांगले असायचे."

म्हणजे बघा. मी लहानपणापासून आईची बाजू घेऊन तुमच्याशी भांडतेय, आणि तुम्ही दोघं माझ्यासमोर, त्याच चुलीपुढं, मला पत्ता न लागू देता हे चालवत होता. तुम्ही थापा मारायच्या, तिनं पीठ मागत मागत त्या वाढवून घ्यायच्या, आणि मी बाजूला बसून तिची कीव करायची. मला सांगायचं तरी होतं. इतकी वर्षं एवढा राग वागवला, तो आता कुठं ठेवू? या कागदाला पाठवायला पत्ता नाही. घंटा होईल, मी तो घडी करून पर्समध्ये टाकीन आणि घरी जाताना मोंढ्याच्या रस्त्यानं जाईन, आज रांग असेल. आणि वैताग आपल्या जागी आहे, तो काही कमी झालेला नाही. फक्त एवढंच, की मघाशी सर बाहेर गेले तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पुढची अमावस्या कधी आहे, ते बघून ठेवलं.