सेन्सरचं बघा एकदा

३ जानेवारी, रविवार
कॅमेरा आला. लेन्स बदलता येणारा, खराखुरा. ही म्हणाली, मोबाइलमध्ये फोटो निघत नव्हते का? पिकतं तिथं विकत नाही, ते हेच.
गॅलरीत बसून लेन्स काढली आणि आत बघितलं. आत आरसा आहे. आरशामागे काय आहे ते माहितीपुस्तकात असणार, पण पुस्तक जाडजूड आहे आणि माझ्याकडे उपजत समज आहे, म्हणून ते कपाटावर टाकलं. लेन्स काढलेली असतानाच फोन आला. मी बोलत होतो तोवर ही शेजारीच आईची गादी झटकत होती. दोनदा शिंकलो. कॅमेऱ्याला काही झालं नाही. एक फुंकर मारली आणि लेन्स लावून टाकली.
आई म्हणाली, आणलाच आहेस तर माझा एक बरा फोटो काढ. फेब्रुवारीत दादा तिला न्यायला येतोय, आणि या खेपेला कायमचं. आमचे तीन जिने तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत आणि दादाचं घर तळमजल्यावर. ती म्हणे, मी तिकडे राहीन, फोटो इकडे राहू दे, म्हणजे तुमच्यावर लक्ष राहील. तिचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा. त्यात आपण पाकीटमार दिसतो असं तिचं म्हणणं.
उद्याच काढतो म्हटलं.

४ जानेवारी
ऑफिसातून यायला उशीर. आईचा फोटो उद्या.

१० जानेवारी, रविवार
'रविवारचा क्लिक' या ग्रुपमध्ये मला घेतलं. नियम एकच: दर रविवारी त्याच आठवड्यात काढलेला एक ताजा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी मत द्यायचं, कुणी रुसायचं नाही. मंडळी बरी आहेत. दातांचे डॉक्टर आहेत, ते दात सोडून सगळ्यावर बोलतात. एक मॅडम फक्त फुलांचे फोटो काढतात. तोफवाले काका फक्त पक्ष्यांचे. त्यांची लेन्स एवढी मोठी की ती खांद्यावरून न्यावी लागते, म्हणून हे नाव. बाकीचे अंगठे दाखवतात.
मी आमच्या गच्चीवरचं आकाश टाकलं. मॅडमनी लिहिलं, उजवीकडे वर तो इवलासा पक्षी काय गोड टिपलाय!
पक्षी? मोठा करून पाहिलं. खरंच की! काळा ठिपका. पंख आहेत असं धरून चाललं तर घार. काढताना मला दिसलीच नव्हती. उपजत समज म्हणतात ती हीच, डोळ्यांच्या आधी बोटाला कळतं.
तासभर वाट पाहिली तिची, असं उत्तर लिहिलं.

१३ जानेवारी
कॅमेऱ्यात एक आकडा असतो, साडेतीनपासून बावीसपर्यंत. लोक उगाच खालीवर करत बसतात. मोठा तो मोठा. बावीसवर लावून वरून चिकटपट्टी मारली.
आई दुपारपासून ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून खिडकीपाशी बसली होती म्हणे. मी आलो तेव्हा उजेड गेलेला. ती म्हणाली, दिवा लाव की. मी तिला दिव्याचा उजेड आणि कलेचा उजेड यांतला फरक समजावला. ऐकता ऐकता झोपली बिचारी.

१७ जानेवारी, रविवार
आज 'वाळत घातलेलं आयुष्य'. गच्चीवरची दोरी, दोरीवर आमचे कपडे आणि वर तीच घार! त्याच कोपऱ्यात! माझ्यावर जीव जडलाय तिचा.
डॉक्टरांनी लिहिलं, सेन्सरचं बघा एकदा.
सटपटलो. दोरीवर माझे दोन बनियन, एक भोकाचा, आणि हिचे आतले कपडे. त्यावरून सेन्सॉर? लगेच मोठं उत्तर लिहिलं. लिहिलं की कलेवर सेन्सॉर लादणाऱ्यांची मला कीव येते. ज्याच्या मनात भोक त्याला बनियनमध्ये दिसतं. ग्रुप एकदम गप्प. एकाचाही अंगठा नाही. बोलतीच बंद झाली सगळ्यांची.
फोटो हिला दाखवला. त्यानंतर माझी बोलती बंद.

२० जानेवारी
डॉक्टरांचा मला वेगळा मेसेज. एकदा दवाखान्यात या, पाच मिनिटांत साफ करून देतो.
धन्य आहे! आधी सेन्सॉर, आता दात. लोक छंदाच्या ग्रुपवरही गिऱ्हाईक शोधतात. मी रोज दोनदा घासतो, असं कळवलं. त्यांनी नुसता कपाळाला हात लावलेला चेहरा पाठवला. वरमले असणार.

२४ जानेवारी, रविवार
चमत्कारच. शुक्रवारी ऑफिसातला रिकामा हॉल काढला. नुसती पांढरी भिंत, छताचा पंखा, आणि भिंतीवर वर उजवीकडे घार. ऑफिसात पक्षी शिरला आणि कुणाला पत्ता नाही! शिपायाला विचारलं, साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, सुट्टी घ्या थोडी.
मी वीजबिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दिवसभर लोकांना एकच सांगतो, मीटर बरोबर असतो, बघण्यात चूक असते. इथंही तेच. कॅमेऱ्याला दिसलं ते साहेबांना दिसलं नाही.
आई म्हणाली, आज रविवार, आज उजेड पण आहे. खरं होतं. पण ग्रुपवर प्रतिक्रिया यायच्या होत्या. मोबाइल सोडून उठणं शक्य नव्हतं.

३१ जानेवारी, रविवार
तोफवाले काका आमच्या गच्चीवर! एकच घार एकाच जागी महिनाभर दिसते हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. तीन जिने तोफ घेऊन चढले. धापा टाकत होते. आईने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही माणसांचे काढता का हो? ते म्हणाले, पंख असले तर.
मग वर बसलो. काका डोळे फाडून बघत होते. आकाश कोरं. मी म्हटलं, थांबा, आणि एक काढला. पडद्यावर दाखवला. घार हजर! काकांनी वर पाहिलं, पडद्यावर पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. आत्ता होती, म्हणालो. दुसरा काढला. पुन्हा घार, पुन्हा आकाश कोरं. काकांचा चेहरा उतरला. चष्मा काढून पुसला. पक्षी बघण्यात जन्म गेला हो माझा, असं काहीसं पुटपुटले आणि लवकर निघाले.
वाईट वाटलं. वय कुणाला चुकतंय?

४ फेब्रुवारी
काकांनी डोळे तपासून घेतले. नवा चष्मा येतोय. ग्रुपवर सगळ्यांनी लवकर बरे व्हा लिहिलं. मीही लिहिलं.

७ फेब्रुवारी, रविवार
प्रदर्शन ठरलं! वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, अठ्ठावीस तारखेला. प्रत्येकाला एक फळी, फळीवर पाच फोटो. माझ्या फळीचं नाव ठरलं, 'एका घारीची पाच रूपं'. डॉक्टरांनी फोन केला. तुम्ही फोटो द्यायच्या आधी मला कॅमेरा दाखवाच, म्हणाले. दाखवतो! म्हणजे माझं सेटिंग बघून घ्यायला मोकळे. मी म्हटलं, कॅमेरा आणि बायको यांना मी दवाखान्यात नेत नाही. ही मागे उभी होती. गेल्या वर्षी तापात मी हिला खरंच नेलं नव्हतं, तो विषय तासभर चालला.

१४ फेब्रुवारी, रविवार
पाचही फोटो मोठे करून, चौकटीत घालून हॉलवर पोचते केले. पत्रिकाही छापून आली.
दादाचा फोन. एकवीसला सकाळी गाडी घेऊन येतो. आईचं सामान बांधायला लागली ही. सामान म्हणजे दोन पिशव्या आणि गादी. आईने ठेवणीतले कपडे बांधू दिले नाहीत. फोटो राहिलाय ना, म्हणाली.
संकल्प: या आठवड्यात रोज सकाळी उठून आईचा फोटो. सोमवारपासून.

१८ फेब्रुवारी
सोमवारी ढग. मंगळवारी बॅटरी. बुधवारी मी. आज पुन्हा ढग. निसर्गापुढे कुणाचं चालत नाही.

२० फेब्रुवारी, शनिवार
काढला. खिडकीपाशी बसवलं. चेहरा मधोमध घ्यायचा नाही, उजवीकडे वर घ्यायचा, हे ग्रुपवर शिकलो तसं केलं. हस म्हटलं. ती म्हणाली, दीड महिना बसवून ठेवलंस, आता हसायचंही मीच? आणि हसली. तेवढ्यात बोट दाबलं. सुरेख आला.
चष्मा लावून तिने पडदा निरखला. हा तीळ कुणाचा, म्हणाली.
गालावर तीळ. ठसठशीत. आईला जन्मात तीळ नव्हता. मी रुमालाने तिचा गाल पुसला. तिला गुदगुल्या झाल्या. पुन्हा काढला. तीळ. लेन्स पुसली. तीळ. कॅमेरा उभा धरला. तीळ गालावरून उठून मागच्या भिंतीवर जाऊन बसला.
ही डोकावून म्हणाली, अगंबाई, ही तर तुमची घार!
काहीतरीच, म्हणालो. मग खाली बसलो.
कपाटावरून माहितीपुस्तक काढलं. सेन्सर हा कॅमेऱ्याचाच अवयव निघाला, आरशाच्या मागे असतो. त्यावर कचरा बसला तर प्रत्येक फोटोत त्याच जागी ठिपका येतो. आकडा बावीसवर असेल तर जास्तच ठळक. डॉक्टरांना फोन लावला. ते परगावी, थेट प्रदर्शनाला येणार. पलीकडून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. चिकटपट्टी काढायला गेलो तर आकड्याचं चाकच अडलेलं, गोंदाने.
पुन्हा पुन्हा काढत राहिलो. भिंतीवरच्या तिळाच्या फोटोत आईचे डोळे मिटलेले. नंतरच्या सगळ्यांत ती दमलेली. पहिल्यात तेवढी आई आईसारखी आहे, आणि त्यात तीळ. आई म्हणाली, असू दे रे, शोभतोय. दोन प्रती काढ, एक मी नेते. महिनाभर रोज ऊन पडत होतं आणि ती रोज तयार होऊन बसत होती. मी आकाशाकडे बघत होतो. फार वाईट वाटलं.

२१ फेब्रुवारी, रविवार
दादा आला. खुर्चीत बसवून आईला तीन जिने खाली नेलं, एका बाजूने दादा, एका बाजूने मी. मध्येच म्हणाली, हळू रे, मी काही कॅमेरा नाही सांभाळून न्यायला. म्हणजे नेमकं काय ते विचारायचं धाडस झालं नाही. गाडी निघाली.
ग्रुपवर काही टाकलं नाही. फोटो परत घेऊ का विचारलं. पत्रिका वाटल्यात, म्हणाले. आलिया भोगासी.

२८ फेब्रुवारी, रविवार
प्रदर्शन. माझ्या फळीसमोर उभा राहिलो, जमेल तितका ठिपके झाकून. पण पाच फोटो आणि मी एक. काका नवा चष्मा लावून आले. पाचही जवळून पाहिले, मग लांबून पाहिले. म्हणाले, एवढी शिस्त पक्ष्यांत नसते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते मटकन खुर्चीत बसले आणि म्हणाले, म्हणजे माझे डोळे चांगले आहेत! आणि लहान मुलासारखे हसायला लागले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं.
मॅडम म्हणाल्या, काही का असेना, पक्षी गोड आहे.

३ मार्च
डॉक्टरांच्या दवाखान्यात. गर्दी होती, म्हणून मी पेशंटच्या खुर्चीत, कॅमेरा मांडीवर. रबरी फुग्याने त्यांनी आत हवा मारली. पाच मिनिटंही लागली नाहीत. पांढऱ्या कागदावर पडलं ते भिंगातून दाखवलं. कापसाचा कण, एवढुसा. आईच्या गादीतला. टाकू का, म्हणाले. राहू द्या म्हटलं आणि कागदाची पुडी करून खिशात घातली. माझ्या दातांकडे बघून ते म्हणाले, दोनदा घासता, पण डावीकडे नाही.
घरी येऊन गच्चीवर गेलो. आकाश काढलं. स्वच्छ. काहीच नाही त्यात. खाली आलो. आईच्या खोलीत खिडकीपाशी छान ऊन आलं होतं. रिकामी खुर्ची काढली आणि ग्रुपवर टाकली, रविवार नसताना. डॉक्टरांनी लगेच लिहिलं, आता सेन्सर एकदम क्लीन. बाकीच्यांचे अंगठे.
संध्याकाळी आईचा फोन. तिने फोटो तिथं भिंतीवर लावलाय. शेजारच्या बायका येतात, फोटो बघतात, मग तिच्या गालाकडे बघतात आणि विचारतात, तुमचा तीळ कुठे गेला हो? ती त्यांना सांगते, धाकट्याकडे राहिला. सांगताना हसत होती. मग म्हणाली, नीट ठेव हो.
हो म्हणालो. साफ केल्याचं सांगितलं नाही.