पाहुण्यांनी ढकललेली जीप

लिंबायत, सुरत
रविवार, ता. ९ मार्च १९९७

तीर्थरूप सखुआक्कांना धाकट्या भावजयीचा, धुरपदाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? पाठवलेलं तेल लावता, की कोनाड्यात ठेवून त्याच्याकडे नुसतं बघता? आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. जीपही आहे, पण तिला बरी म्हणवत नाही. पत्र नेहमीप्रमाणे तुमची सून मंदाच वाचून दाखवेल. (मंदा, ओट्यावर बसून वाचू नको, आत जाऊन वाच. आणि हसू आलं तर दाब.) मी अक्षरं शिकले ती सुरतेतल्या दुकानांच्या पाट्यांवरून, म्हणून गुजराती आधी आली आणि मराठी मागून. कुठे अक्षरांच्या डोक्यावर रेघ द्यायची राहिली असेल तर मंदाने आपल्या मनाने ओढून घ्यावी.

धरणगावचे पाहुणे हर्षदाला बघून गेले त्याला आज पंधरा दिवस झाले. होकार नाही, नकार नाही. स्थळ तुम्ही आणलंत, तेव्हा काय झालं ते माझ्याकडूनच तुम्हाला कळायला हवं होतं. पण लाज अशी की पेन धरलं की मला डाळ निवडायची आठवण यायची. पंधरा दिवसांत घरातली सगळी डाळ निवडून झाली, म्हणून आज लिहिते.

आमची जीप तुम्ही पाहिली आहेच. लष्कराच्या लिलावातून ह्यांनी ती आणली तेव्हा तुम्ही दारातच विचारलं होतं, "हाई काय लयना रे आप्पा?" ह्यांनाही त्याचं उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही. ह्यांनी तिच्यातून बारा वर्षं कारागीर सचिन गावच्या कारखान्यांत नेले. आता चार वर्षं मी त्याच रस्त्याने त्याच कारागिरांचे जेवणाचे डबे नेते. (बाईमाणसाने जीप चालवावी का, हे आपलं बोलून झालेलं आहे.) तिचा स्वभाव आता पाठ झाला आहे. ब्रेक तिसऱ्यांदा दाबल्यावर लागतो. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो, त्यामुळे डावीकडे राहणारे लोक मला भांडकुदळ समजतात. माझ्या बाजूचं दार दोरीने बांधलेलं असतं, उतरायचं तर गाठ सोडावी लागते. बॅटरी मनात असेल तर चालते. एकदा बंद पडली की धक्क्याशिवाय उठत नाही, म्हणून मी डबे देतानाही इंजिन चालूच ठेवते. आणि सचिनला कारागीर तिला जीप म्हणत नाहीत, ह्यांच्याच नावाने हाक मारतात. दुपारी मी फाटकाशी पोचले की आतून आरोळी येते, "सुकदेव आला रे, हात धुवा!" (हे नाव मी लिहिलेलं नाही, त्यांनी म्हटलेलं तेवढं उतरवलं आहे.) तुम्हाला माहीत आहे, लग्नातला उखाणा सोडला तर बावीस वर्षांत मी ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. जीपलासुद्धा मी "अहो" म्हणते. अहो, चला. अहो, आता चढ आहे. लोक हसतात, हसोत.

त्या रविवारी रिक्षा करायची असं ठरलं होतं. पण स्टेशनवर पाहुणे गाडीतून उतरले तेव्हा मला वाटलं, पोरीला बाप नाही हे त्यांना ठाऊक आहे, निदान दाराशी वाहन आहे हे तरी दिसू दे. हा मोठेपणा मला नडला. मुलाचे वडील बन्सीलालजी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून माझ्या शेजारी बसले. मागे मुलगा गोपाल आणि त्याचे मामा. बन्सीलालजी स्टेशनपासून एक अक्षर बोलले नव्हते. लिंबायतला यायचं तर रेल्वेखालच्या गरनाळ्यातून यावं लागतं, म्हणजे आधी उतार आणि मग चढ. उतारावर जीप अशी झोकात गेली की मला वाटलं, लग्न जमलं. बरोबर तळाशी ती बंद पडली.

मागे रिक्षांची रांग लागली. "ओ मासी, गाडी हटावो ने!" हे त्यातल्या त्यात सभ्य होतं. बाकीचं सुरतच्या लोकांना शिवी वाटत नाही, पण बन्सीलालजींना सगळं नीट कळत असावं, कारण त्यांनी टोपी पुढे ओढून घेतली. मग ते उतरले आणि मागे जाऊन त्यांनी जीपला हात लावला. आक्का, मुलाकडच्या माणसांना आपण पाय धुवायला पाणी देतो, बसायला सतरंजी देतो. मी त्यांना ढकलायला जीप दिली. एकदा झालं, दोनदा झालं. मी आत बसून अहो चला, अहो चला करते आहे, आणि मागून मुलाचे मामा विचारतात, "बाई कोनले अहो म्हणी राहिन्या?" तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. मी स्टिअरिंगवर मूठ मारली आणि सगळ्या गरनाळ्यात घुमेल असं ओरडले, "सुकदेव! चाल ना रे मेल्या!"

(तो शेवटचा शब्द. लिहितानाही हात थांबला.)

आणि आक्का, ती चालू झाली.

थांबवली असती तर पुन्हा बंद पडली असती, म्हणून मी चढ चढून तशीच पुढे निघाले. तिघे पाहुणे मागून पळत आले आणि एकेक करून चढले. बन्सीलालजी सगळ्यात शेवटी. दम खाऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सुकदेव कोन शे?"

तुम्ही भावाला आप्पा म्हणता, म्हणून त्यांनीही आप्पा एवढंच ऐकलेलं. लाजेने मी म्हटलं, "ड्रायव्हर शे. आज उना नही."

"असा माणूसले काढी टाका," ते म्हणाले. मग घर येईपर्यंत त्या ड्रायव्हरला बोलत राहिले. ऐन वेळी दांडी मारतो, बाईमाणसाला एकटं सोडतो, पगार कशाचा घेतो. मी मान हलवत होते. आक्का, मी ह्यांच्याबद्दलचं हे सगळं ऐकलं आणि हो ला हो केलं.

घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर ह्यांचा फोटो. हार घातलेला, खाली नाव माझ्याच हाताने रंगवलेलं, मोठ्या अक्षरांत. बन्सीलालजींनी ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नंतर जेवण होईपर्यंत मीठसुद्धा मागितलं नाही. हर्षदाला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. जाताना रिक्षाने गेले.

नवऱ्याला भर रस्त्यात नावाने शिवी देणारी, वर त्याला नोकर ठरवणारी बाई. तिची पोर कोण करून घेईल? चूक माझी आणि बसून राहिली आहे ती हर्षदा. ती मला एका शब्दाने बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा. रागवायचं असेल तर रागवा, पण मंदाला ते सगळं लिहायला लावू नका.

तुमची,
धुरपदा

ता. क. – एक मागणं आहे, मघाशी लिहायचा धीर झाला नाही. धरणगावला जाऊन या. म्हणावं, आमच्या भावजयीने जीप भंगारात घातली, आता ती चारचौघींसारखी वागते. भंगारवाला खरंच बघून गेला आहे.

ता. क. २, बुधवार – जीप चालू झाली नाही म्हणून हे पत्र तीन दिवस घरातच राहिलं. आज धरणगावचं कार्ड आलं. होतं तसं उतरवते: "मुलगी पसंत आहे. वैशाखातली तिथी कळवावी. गाडीत मी ड्रायव्हरविषयी जे बोललो ते परत घेतो. त्यांना कामावरून काढू नये." मी ते दारातच वाचलं आणि दारातच बसले. हर्षदाने पाणी आणलं, मी तिच्या हातात कार्ड ठेवलं. तेव्हा आक्का, धरणगावला जाऊ नका. भंगारवाल्याला मी नाही म्हणून सांगितलं. लग्नाला मात्र आठ दिवस आधी या. स्टेशनवर मी घ्यायला येईन. जुनं लुगडं नेसून या.