चौथी रांग, खांबाजवळच्या तीन खुर्च्या

ती. भाऊजी,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण माझे गुडघे हल्ली ऐकत नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरूनच नमस्कार. तुमची साखर कशी आहे? लेकीकडे राहायला गेल्यापासून बिनसाखरेचा चहा पिता असं कळलं. (विश्वास बसला नाही.) इकडे सगळे मजेत. मी सोडून, पण ते पुढे येईलच.

सांगायचं म्हणजे, परवाच्या शनिवारी कलासंग्रहालयात व्याख्यानाला गेलो होतो. ताई गेल्याला दीड वर्ष झालं, त्यानंतर पहिल्यांदाच. दारावरच्या गृहस्थांनी सवयीने तीन पास फाडले, माझ्यामागे कुणी दिसेना तेव्हा ओशाळले. मी म्हटलं, असू द्या, आणि तिन्ही खिशात घातले. मग चौथ्या रांगेत, खांबाजवळ, आपल्याच खुर्च्यांवर बसलो (एकीवर मी, एकीवर छत्री, एकीवर पिशवी). काय दिवस होते हो ते! अकरा वर्षं, महिन्यातला एक शनिवार. माझ्या बहिणीने आपल्याला चित्रकार ऐकवले, शिल्पकार ऐकवले, जन्मभर कपाटांच्या मुठी घडवणारा एक माणूससुद्धा ऐकवला. आपल्या दोघांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. तुम्ही तर चक्क घोरायचात. (रागावू नका, सगळ्या रांगेला माहीत होतं.) आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली रे झाली, की गर्दीच्या आधी चहा मिळावा म्हणून बाहेर सटकायचात. आम्ही येईपर्यंत दोन हातांत तीन कप सांभाळत उभे. ताईच्या कपावर तेवढी बशी झाकलेली. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

परवाचे वक्ते जुन्या भांड्यांचे अभ्यासक होते. म्हणजे अख्ख्या भांड्यांचे नव्हेत, फक्त कानांचे. बावीस वर्षं त्यांनी नुसते कान पाहिलेत. पावणेदोन तास बोलले, पण भांड्याच्या तोंडापर्यंत काही पोचले नाहीत. शेवटी “काही प्रश्न?” म्हणाले, तर जो तो आपल्या चपलांकडे बघायला लागला. ताई असती तर चष्मा कपाळावर सरकवून उठली असती. तिचा प्रश्न ठरलेला, समोर कुणीही असो: हे मध्येच सोडून द्यावंसं कधी वाटलं का, आणि मग का नाही सोडलंत? मला ती शांतता सोसेना. उठलो, माइक घेतला (आधी उलटा धरला, ते जाऊ द्या) आणि प्रश्नाचा पहिला अर्धा भाग विचारला. दुसऱ्या अर्ध्याला ताईचाच आवाज कानात आला, आणि मी माइक खाली केला. त्यामुळे पावणेदोन तास बोलून दमलेल्या त्या सज्जन माणसाला भर सभेत एवढंच ऐकू आलं, की अहो, हे मध्येच सोडून द्यावंसं वाटलं नाही का? ते पांढरेफटक पडले. वेळ जास्त झाला, माफ करा, म्हणत कागद गोळा करायला लागले! सभागृहात हशा. मी मटकन खाली बसलो, तो छत्रीवर.

बाहेर पडतोय तोच व्याख्यानं रेकॉर्ड करणाऱ्या बाई मागून धावत आल्या. म्हणाल्या, “हा प्रश्न मी ओळखते. त्या नाही आल्या आज?” मी सांगितलं. त्या मला तळघरातल्या आपल्या खोलीत घेऊन गेल्या आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवला. भाऊजी, आपली ताई हो! जशीच्या तशी. बोलण्याआधीच्या त्या खाकरण्यासकट. मी त्या परक्या बाईसमोर ढसाढसा रडलो.

ही सगळी व्याख्यानं आता संग्रहालयाच्या ग्रंथालयात कायमची ठेवणार आहेत, म्हणजे कुणीही यावं आणि ऐकावं. फक्त श्रोत्यांचे प्रश्न कापणार. ठेवायचे तर ज्याचा आवाज त्याची परवानगी लागते, आणि ते माणूस नसेल तर घरच्यांची. घरच्यांनी तर मला फोनवर बजावलंय, की तिचं काही पाठवू नकोस, सोसत नाही. तुमचा शब्द मी मोडणार नाही. म्हणून हे आपलं नुसतं कळवलं. प्रकृतीला जपा.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. चुकून पाकिटात गेला असावा. सही खाली उजवीकडे करायची असते, महिनाअखेरच्या आत पोचली पाहिजे. (परतीच्या पाकिटावर पत्ता घालून, तिकीट लावून ठेवलंय, तेही चुकूनच.)

दुसरा ता. क. घोरण्याविषयी. रेकॉर्डिंगमध्ये घोरणं अगदी खणखणीत आहे. पण ताई प्रश्न विचारते तेव्हाही ते चालूच असतं, आणि तेव्हा तर तुम्ही बाहेर चहापाशी. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. अकरा वर्षांची एकदम माफी मागतो.

तिसरा आणि शेवटचा. तुम्ही तिचा प्रश्न कधी ऐकलाच नाहीत, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं. खुर्च्या बनवणारे एक जण आले होते, आठवतात? त्यांनी प्रश्न तिच्यावरच उलटवला: आणि बाई, तुम्हाला नाही वाटलं कधी, सगळं सोडून द्यावं? ताई म्हणाली, “रोज वाटतं हो. पण बाहेर एक माणूस माझ्या चहावर बशी झाकून उभा असतो. तो गार होऊन जाईल.” सगळे हसलेत, नीट ऐकू येतं. मी झोपलो होतो. तुम्ही बाहेर होतात. सही करा, भाऊजी.