ट्रेमधलं तेल

९ एप्रिल

गाडी तेल गाळते आहे. झालं!

सकाळी पायरीवरून उतरले तर खाली तळहाताएवढा काळा डाग. ह्यांना हाक मारली. गुडघ्यांवर बसले, बोट लावलं, वास घेतला, चिमटीत चोळून बघितलं. "इंजिनचंच." आवाज असा, की जणू घरात कुणाचा रिपोर्ट वाईट आलाय.

घर भाड्यानं देऊन ह्या चाकांवरच्या खोलीत राहायला निघालो, तेव्हाच लेक बजावून म्हणाली होती, "बाबा, आईला घेऊन आडरानात अडकू नका." अडकलोच. टेकडीचं पोट कापून काढलेला हा तळ. समोर दरी, पाठीशी झाडं. गाड्यांच्या जागा आखलेल्या पुष्कळ, पण मुक्कामाला फक्त आम्ही आणि शेजारच्या पत्तेवाल्या काकू. त्यांच्या घरगाडीला इंजिनच नाही, कुणीतरी ओढून आणून ठेवलेली, त्यालाही वर्षं झाली. "माझं नाही हो गळत काही!" म्हणाल्या आणि पत्ते पिसायला लागल्या.

आठवडाभराचा अवकाळी पाऊस काल थांबला, तेवढंच बरं.

१० एप्रिल

आज इंजिनाची अंघोळ. हे जन्मभर फेरीबोटींच्या इंजिनखोलीत राबले, निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवत होते. "तेल दिसतं खाली, पण येतं वरून. आधी पुसायचं, मग शोधायचं." घासायला ब्रश कुणाचा? माझा. वर भुरभुरायला पावडर? तीही माझी. कोरड्या पावडरीवर तेलाची वाट उमटते म्हणे. खाली ठेवायला ओव्हनचा ट्रे — हो, तोही! जमीन खराब व्हायला नको.

हसत होते, पण आतून धास्तावलेत. इंजिनाचं मागचं सील गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि ते इथे जमायचं नाही.

तळावरच्या न्हाणीघराचं दार आज अडकलं. खांदा लावून उघडलं. नळाला गढूळ पाणी. तळाचा रखवालदार म्हणतो, "पावसानं दारं फुगतात, ताई."

११ एप्रिल

सापडलं! इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं बॅटरी घेऊन वाकलेलो. इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यातून एक ओला धागा निघाला आणि सरळ मागच्या बाजूनं खाली उतरला. सील शाबूत. कव्हरखालचं पॅकिंग तेवढं वाळून कडक झालंय. ह्यांनी मला चक्क टाळी दिली.

खालच्या गावातल्या स्पेअरपार्टवाल्याला फोन केला. सामानाच्या व्हॅनबरोबर पाठवतो म्हणाला.

ट्रेमध्ये चमचाभर तेल जमलं होतं, मागच्या कोपऱ्यात, टेकडीकडे. पाणी दरीकडे न जाता मागच्या गटारात जावं म्हणून तळाला तसाच उतार दिलाय, असं हे म्हणाले. ह्यांना सगळं ठाऊक असतं.

१२ एप्रिल

आज तेल पुढे!

हे चक्रावलेत. पुढचं सीलही गेलं की काय? पुन्हा पुसलं, पुन्हा पावडर. पुढचं सील कोरडं ठणठणीत. गळती तीच, त्याच कव्हरची, पण तेल आता इंजिनाच्या कडेकडेनं पुढे येतंय आणि पुढे टपकतंय. "काल मागे, आज पुढे. भुताटकी आहे का?" मग स्वतःच म्हणाले, "पुढच्या टायरात हवा कमी असेल." बराच वेळ पंप मारत बसले.

काकूंचा कप टेबलावरून घसरला. मला म्हणाल्या, "तू धक्का दिलास." मी कशाला देऊ!

१३ एप्रिल

झोप लागली नाही. उजाडल्या उजाडल्या गाडीखाली सरपटले. ट्रे पुसून कोरडा केला, होता तिथेच ठेवला. मधोमध चमचाभर तेल ओतलं. ते एक क्षण थांबलं. आणि मग निघालं — दरीकडे.

ह्यांना उठवलं.

"अगं, टायर—"

"टायरचा काय संबंध? ट्रे गाडीत नाही. ट्रे जमिनीवर आहे!"

वाकून त्या तेलाकडे बघितलं. मग हसले. "पाऊस झालाय, माती बसली असेल जराशी. तू पण ना, सुतावरून स्वर्ग गाठतेस." पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. ओळखते ना मी.

दिवसभर तळ पालथा घातला. दरीकडच्या कुंपणाचे खांब बाहेर झुकलेत. काकूंच्या गाडीमागे गवतात एक भेग आहे, लांबलचक. बोट घातलं, पूर्ण गेलं. आतून थंड वारा लागला. हात झटकन मागे घेतला.

रखवालदाराला नेऊन दाखवली. त्यानं पायानंच माती लोटून बुजवली. "माझे केस इथे पांढरे झाले, ताई. टेकडी काय स्टुलावर ठेवलीय, पडायला?"

१४ एप्रिल

पॅकिंग आलं. हे खूश. कव्हर उतरवलं, जुनं पॅकिंग खरवडलं — तुकडे तुकडे होऊन निघालं. नवं बसवून बोल्ट समोरासमोरचे घेत, हलक्या हातानं आवळले. "जोर केला की कव्हर वाकतं. मग पुन्हा गळती." बाळाला अंगडं घालावं तसे हात चालत होते. मी पाने हातात देत होते आणि नजर ट्रेवर.

भेग सकाळी पुन्हा उघडली होती. आता माझी मूठ जाते.

"उद्या निघू. एक रात्र बसू दे पॅकिंग."

"आत्ता."

"अगं, ऐक तरी—"

"तुम्ही राहा मग. मी काकूंना घेऊन चालत उतरते!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, असं मी कधी बोलले नव्हते. ह्यांनी पाना खाली ठेवला. मग उठले.

काकूंना दोन दिवस खाली पत्ते खेळायला चला म्हणून उचललं. कुरकुरत आल्या. रखवालदाराला म्हटलं, "तूही चल." तो हसून गेट लावायला गेला.

१५ एप्रिल

खालच्या गावात पेट्रोलपंपामागे मुक्काम. इंजिनाखाली कोरडं. एक थेंब नाही.

वर काही झालं नाही.

रखवालदाराला फोन केला. "टेकडी जागेवर आहे, ताई! बोलायला देऊ का तिला?" ह्यांनी स्पीकर लावलेला. हे आणि काकू पोट धरधरून हसले. तळाच्या मालकालाही फोन लावला. बघतो म्हणाला. काय बघणार, देव जाणे.

मीही हसले शेवटी. काय करणार?

१६ एप्रिल

आजही काही नाही. काकू फुरंगटून बसल्यात. रक्तदाबाच्या गोळ्या वर राहिल्या, अंथरूण वर राहिलं, पाठ अवघडली, आणि हे सगळं कुणामुळे तर माझ्यामुळे. "तेलाच्या थेंबावरून बाई घर सोडायला लावते!" पंपावरच्या माणसालाही सांगून झालं. तो माझ्याकडे बघून हसला.

हे म्हणाले, "पोचवून येतो त्यांना. लगेच येतो. तू कपडे धुऊन घे."

"जा बाई, या सोडून एकदाच!" म्हटलं मी. असंच म्हटलं. मलाच लाज वाटायला लागली होती.

लॉण्ड्रीत बसून लिहितेय. मशिनं गरगरतायत. बाहेर ऊन पडलंय, छान. आत्ताच खिडकीची काच थरथरली. मोठा ट्रक गेला असावा. रस्ता तर रिकामा दिसतोय.

१७ एप्रिल

काल दुपारी टेकडी सुटली. काकू वाचल्या. रखवालदारही वाचला.

काकू सांगतात — वर पोचल्यावर हे भेगेपाशी गेले, बघितलं आणि धावत आले. काकूंना उतरूच दिलं नाही. गाडी वळवून गेटबाहेर पक्क्या रस्त्यावर आणली, इंजिन चालू ठेवलं आणि पुन्हा आत धावले, रखवालदाराला हाका मारत. तो खोलीतून हसतच बाहेर आला. ह्यांनी त्याला गेटकडे ढकललं. "पळ! माझी बायको सांगत होती, खरं सांगत होती!"

तो पुढे पळाला. हे मागे होते.

शोधतायत अजून.