मी आहे, हे एजेंना कळावे

आदरणीय बात्माकान एजे,

आत-बाशीहून तुमचा धाकटा भाऊ मुकाम्बेत याचा सलाम. तुमचे गुडघे, तुमची मेंढरं, तुमच्या सुना आणि सुनांची पोरं धडधाकट असोत. (गुडघ्यांचं आधी विचारलं, कारण सुनांपेक्षा तुम्ही त्यांचीच तक्रार जास्त करता.) तलासकडे यंदा गवत चांगलं झालंय असं ऐकतो, वाचून आनंद होईल असं उत्तर पाठवा. इकडे मी उत्तम आहे, मजेत आहे. मुळात मी आहे, आणि हे पत्र त्याच मुद्द्यावर आहे.

तुमच्याकडे गेल्या आठवड्यापासून एक पाहुणी उतरली आहे. तिचं नाव मी घेणार नाही. तिने तिची बाजू सांगितली असेलच, तीही चहा ओतता ओतता, म्हणजे ऐकणाऱ्याला मधूनच उठून जाता येत नाही. आता माझी ऐका. फोनवरच सांगितली असती, पण ती फोन उचलत नाही, आणि तुमचा फोनही तीच धरून बसलेली दिसते. एकदा उचलला, तेव्हा मी म्हणालो, "मी बोलतोय." तर म्हणाली, "पलीकडे खरंच कोणी आहे, याला पुरावा काय?" आणि ठेवून दिला. एजे, उभा जन्म ज्याच्याबरोबर काढला त्या नवऱ्याची विद्या त्याच्याच डोक्यात घालायची, हे कुठल्या रीतीत बसतं?

विद्या कुठली, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी शेतकी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. समोर बसायची ती उद्याची गुरांची डॉक्टरमंडळी. त्यांना मी विचारायचो, की बाबांनो, गाय राहू द्या बाजूला, तुम्ही स्वतः आहात हे तुम्हाला कशावरून कळलं? मी निवृत्त झालो तरी प्रश्न काही निवृत्त झाला नाही. लग्न असो की पाळण्याची मेजवानी, जेवण रंगात आलं की मी शेजारच्याला तो विचारतोच. (लोक म्हणतात, मास्तरांच्या शेजारी बसलं की मांस निवतं. मांस निवतं ते त्यांना उत्तर सुचायला वेळ लागतो म्हणून. त्यात माझा काय दोष?)

तर आपल्या चुलतभावाच्या, केरिमआलीच्या, नव्या घराची मेजवानी होती. मेंढरू कापलं होतं, आणि हाडं वाटायला नेहमीप्रमाणे तुरगुनआली, आमचा शेजारी, गुरांचा डॉक्टर, माझ्याहून एका हिवाळ्याने लहान आणि चार हिवाळ्यांनी आगाऊ. आता मेंढराला कमरेची हाडं दोनच असतात आणि ती बसलेल्यांत वयाने सगळ्यात थोर अशा दोघांची, हे मी तुम्हाला काय सांगावं. एक केरिमआलीच्या सासऱ्याचं, दुसरं माझं. तुरगुनआलीने पहिलं सासऱ्यांपुढे ठेवलं. दुसरं स्वतःपुढे ठेवलं. मग मांडीचं, नळीचं, खांद्याचं असं करत ताट फिरत फिरत पार दारापाशी बसलेल्या केरिमआलीच्या जावयापर्यंत गेलं, आणि माझ्यापुढे नुसता कांदा.

मी खाकरलो. तुरगुनआली इकडेतिकडे बघत म्हणाला, "कोणीतरी खाकरलं का हो?" केरिमआली म्हणाला, "वारा असेल, नव्या दाराला फट राहिलीय." तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळं आधी ठरलेलं आहे. मी म्हणालो, माझं हाड कुठे आहे? तर तुरगुनआली हात धुवत शांतपणे म्हणतो, "मास्तर, तुम्हीच सांगता की आपण आहोत की नाही याची खात्री देता येत नाही. संशयावर एवढं चांगलं हाड कसं घालवायचं? पुरावा द्या, हाड घ्या."

एजे, अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. मी डगमगलो नाही. म्हटलं, मी आहे की नाही असा संशय येतोय ना? मग संशय घेणारा कोणीतरी पाहिजे. तो मी. यावर तो म्हणाला, "संशय आहे, हे कबूल. पण तो तुमचाच कशावरून? घरात धूर झाला म्हणून तो यजमानाचा होत नाही." (सासरे यावर खो खो हसले. त्यांना ऐकू येत नाही, पण हसायची वेळ बरोबर कळते.) म्हटलं, मला भूक लागलीय. तर म्हणे, "भूक सगळ्यांनाच लागलीय, त्यात तुमची कुठली ते वेगळी काढून दाखवा."

तेव्हा मी उठलो, सतरंजीवरून चालत गेलो, तुरगुनआलीच्या पुढ्यातलं कमरेचं हाड उचललं आणि उभ्यानेच त्याचा लचका तोडला. वाटून झालेलं हाड दुसऱ्याच्या पुढ्यातून उचलणं! आपल्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल. तुरगुनआली ओरडला, "अहो, माझं हाड!" मी तोंडातला घास संपवून विचारलं, "कोणी घेतलं?"

त्याने मी घेतलं म्हणावं, तर मी आहे. मी नाही म्हणावं, तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? एजे, घर हसून हसून डोक्यावर घेतलं लोकांनी. दारापाशीचा जावईसुद्धा हसला, सासऱ्याच्या देखत. मी माझ्या जागी येऊन बसलो, नाकावर टिच्चून हाड चाटूनपुसून साफ केलं आणि वर थोडं मांस घरी न्यायला पिशवीत बांधलं. इथे मेजवानी संपली असती, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण हरलेला माणूस कधी गप्प बसत नाही. तुरगुनआली म्हणाला, "ठीक आहे, तुम्ही आहात. आणि आम्ही?" विजयाची झिंग कुमिस प्यायल्यापेक्षा वाईट. मी म्हणालो, माझं सिद्ध झालं, तुमचं तुम्ही बघा. मला विचाराल तर या खोलीत फक्त मी नक्की आहे, बाकी सगळे माझ्या मनातले विचार असू शकतात. आणि समोवारापाशी बसून चहा ओतणाऱ्या बाईकडे बोट करून म्हणालो, "आमची ऊलकानसुद्धा." (घ्या, नाव घेतलंच गेलं.)

तिने माझी वाटी घेतली, आणि काठोकाठ भरून माझ्यापुढे ठेवली. आपल्याकडे पाहुण्याला अर्धी वाटी देतात, पुन्हा ओतायला मिळावं म्हणून. भरलेली वाटी म्हणजे 'उठा आता', हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. सगळी खोली त्या वाटीकडे बघत होती. मी मनात म्हटलं, हात चुकला असेल. सकाळी उठलो तर ती तलासला निघालेल्या शारशेनच्या जीपमध्ये बसत होती. मी विचारलं, कुठे निघालीस? म्हणाली, "तुमच्या मनातून. स्वयंपाक आता विचारानेच करा."

आता तुम्ही म्हणाल, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नाहीच जाणार. माझा तर्क बरोबर होता आणि आहे. बोट तेवढं दाखवायला नको होतं, हे फार तर मान्य करीन. म्हणून हे माफीचं पत्र समजू नये. तुम्ही घरातल्या थोरल्या, तेव्हा तुम्ही निवाडा करावा, की मुकाम्बेत तत्त्वतः बरोबर होता, आणि तो तिच्यासमोर मोठ्याने सांगावा, एवढीच विनंती. माझी काळजी करू नका. शेवया मी स्वतः लाटतो. जाड होतात, पण पोटात गेल्यावर सगळं सारखंच.

तुमचा, आणि निःसंशय असलेला,
मुकाम्बेत

ता. क. गाय मला दूध देत नाही. मी बसलो की लाथ झाडते. शेवटी ऊलकानचा जुना रुमाल डोक्याला बांधला, तेव्हा पान्हा सोडला. नेमका तुरगुनआली भिंतीवरून डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, कधी आलात?" मी म्हटलं, मी आहे. तो म्हणाला, "नक्की?" हे तिला सांगू नका.

ता. क. चा ता. क. सांगितलंत तरी चालेल. हसते का बघा.

शेवटचा ता. क. एजे, निवाड्याचं राहू द्या. माझ्या तर्कात चूक सापडली आहे आणि ती मीच शोधली आहे, तुरगुनआलीने नव्हे. ऊलकान जर माझा विचार असती, तर मी विचार केल्याबरोबर समोर यायला हवी होती. मी रोज पहाटे उठल्यापासून दुसरा विचारच करत नाही. चूल पेटवताना करतो, शेवया लाटताना करतो, अगदी मन एकाग्र करून दाराकडे बघत करतो. ती येत नाही. म्हणजे ती आहे. तेवढं तिला सांगा, आणि शारशेन शुक्रवारी तलासहून परत निघतो, जीपमधली पुढची जागा मी तिच्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे.